माशी, कोंबडा, पीस आन् गुळाचा काटा

मी एक जुना काटा हाय. पाय मागं घिऊ नका पोरांनो, मी टोचणाऱ्यातला न्हाई, तोलणाऱ्यातला. सांगलीच्या गूळबाजारात लालासाहेबांच्या आडतीत तुळईला टांगलेला. दोन अंगाला दोन पारडी, वर लोखंडाची दांडी. माझा जन्म मिरजंचा. त्या गावात लोखंडाची तार झाली तर ती सतारीवर चढती आन् मैफिलीत मिरवती. दांडी झाली तर बाजारात येती आन् जल्मभर मुंगळ्यांची संगत धरती. माझी दांडी झाली.

माझ्यावर माल तोलायचा धुळाकाका. बाजारात एक रीत हुती. गूळ ओला असला की जेवढा भरंल त्यातनं ओलीपायी थोडं वजा करून सांगायचं. त्येला कडता म्हणत्यात. धुळाकाकाला ह्या कडत्याची अशी सवय की एकदा कुणी जावयाचं वय इचारलं तर त्यातनंबी दोन वर्सं वजा केली. म्हणला, पावसात भिजून आलाय.

ह्या आडतीत मेढ्याकडच्या डोंगरातनं एक गडी हमालीला आला. नाव गुंडा. नावात तेवढा गुंडा, सवभाव असा की मुंगळा चावला तर आदी मुंगळ्याला जपून बाजूला ठिवायचा, मग पाय चोळायचा. बायकू चंद्रा बरूबर हुती. ती आडतीत पोती झाडायची आन् दिवसभर नवऱ्याची टिंगल करायची. दुपारी बाजार निवला की गुंडा उगंच माझ्या पारड्यात बसून झोका घ्यायचा. तवाबी त्येला वाटायचं न्हाई आन् मलाबी न्हाई, की पुढं ह्येच पारडं त्येची कोर्टकचेरी हुणार हाय.

लढाई लागली. भरतीवाले आले. गुंडा पलटणीत ग्येला. तितल्या उस्तादानं त्येचं खांदं बगितलं. गुळाच्या ढेपी उचलून घडलेलं खांदं ते, उस्ताद खूश झाला आन् त्येच्या हातात चामड्याचं फुगीर मोजं चढवलं. बॉक्सिंग. आमच्या आडतीत त्येला बुक्क्यांची कुस्ती म्हणायचं.

आता ह्या कुस्तीत गोऱ्या सायबानं गड्यांची वजनावर वाटणी केलेली. आन् वजनांना नावं काय, तर सगळ्यात खाली माशी. त्येच्या वर कोंबडा. त्येच्या वर पीस. गुंडा पयल्या साली माशीत जितला. रजेवर आला तवा लालासाहेबांनी आडतीत पेढं वाटलं. चंद्रा म्हणाली, "एवढं शिकून माशी झाला व्हय? बसा मग गुळावर."

खरी गंमत पुढल्या साली झाली. साताऱ्याला पलटणी-पलटणींचा सामना हुता. त्येच्या आदी गुंडाला चार दीस रजा मिळाली. उस्तादानं दम दिलेला, माशीतच ऱ्हायचं, वर सरकलास तर चामडी लोळवीन. गुंडा आला त्यो नदीकाठानं पळून घामानं निथळतच, आन् थेट पारड्यात बसला. धुळाकाकानं दुसऱ्या पारड्यात मापं टाकली, काटा मधोमध आणला, आन् गड्याकडं बगितलं. माल ओला. हात सवयीनं चालतो तशी जीभबी चालली. कडता वजा करून वजन सांगितलं.

गुंडा खूश. अजून जागा हाय म्हणला. मग चार दीस भाकरी काय, गूळ काय, तूप काय, नुसता वढत हुता. मी वरनं बगत हुतो. पर काट्याला तोंड असतं कुटं?

साताऱ्याला वजन केलं तर गडी माशीच्या बाहीर. उस्ताद असा पेटला की इचारू नका. पर नाव काढून घ्यावं तर पलटणीची लाज. मग दिला ढकलून कोंबड्यात, त्येच्याहून ठोसर गड्यांच्या फुडं. आन् गुंडा जितला. समद्यांना पाडून जितला.

परत आला त्यो थेट धुळाकाकाकडं. काका आदीच लपायला बगत हुता. गुंडानं त्येचं पाय धरलं. "काका, तुमच्या कडत्यानं मला कोंबडा केला. आता दरसाली कडता धरा."

त्येच्या फुडल्या साली पीसबी मारलं. तीन वजनं. एकाच गड्यानं तीन वजनात जितलेलं पलटणीत कुणी ऐकलं नव्हतं. दसऱ्याला लालासाहेबांनी मला झेंडूचा हार घातला आन् पारड्यात गुंडाचं ते चामड्याचं मोजं पुजलं. गुळासंगट जल्म घालवलेल्या लोखंडाला ह्येच्याहून काय पायजे?

त्या दिवशी चंद्रानं एक सवाल टाकला. "अख्ख्या कोंबड्यापरास त्येचं एक पीस जड, ह्यो कुटला हिशोब?" तवा गुंडानं सांगितलं की पिसाच्या वरबी एक वजन हाय, आन् सायबानं त्येचं नाव ठिवलंय हलकं.

समदी आडत हसली. धुळाकाका म्हणला की सायबाचं डोकं उलट्या पारड्यात ठिवलंय. पर गुंडा हसला न्हाई. त्येला ते चौथं वजन पायजे हुतं. म्हणला, "हलक्यात जितलो की मग हमालीला परत येतो."

पोरांनो, हसून घ्या. हसायचं हुतं ते हितवर हुतं.

पलटण ब्रह्मदेशात ग्येली. तितल्या रानात ताप, जळवा आन् पाऊस. लढाई सपली तवा गुंडा परत आला त्यो खोकत. पलटणीनं कागद हातात दिऊन घरी लावला. मिरजंच्या दवाखान्यात छातीचा फोटू काढला. डाक्तरानं चंद्राला बाजूला घेतलं. ह्या दुखण्याला औषीद न्हाई, म्हणला, खायला घाला, उघड्या हवंत ठिवा, आन् वजनावर नजर ठिवा. वजन चढलं तर माणूस जगंल. उतरत ग्येलं तर मग काय सांगू.

झालं. ज्या वजनापायी हार मिळालं त्याच वजनावर आता जीव टांगला. दवाखान्यात वजनाचं यंत्र हुतं, पर गुंडाला त्येचा भरवसा नव्हता. दर बाजाराला चंद्रा त्येला टांग्यातनं माझ्याकडं आणायची.

पयल्यांदा आला तवा पिसात हुता. पारड्यात बसला, काटा बगितला, धुळाकाकाला म्हणला, "अजून पीस हाय गड्या, घाबरायचं न्हाई." चंद्रा त्येला अंडी घालायची, दूध घालायची, गूळ तर आडतीचाच. ते समदं कुटं जात हुतं कुणास ठावं. थोड्या बाजारांनी त्यो कोंबड्यात उतरला. तवाबी बोलला, "काका, आता उतरतीचा सामना चाललाय. तीनी वजनं परत मारायची."

लालासाहेबांनी हटकलं. वंगाळ माणूस नव्हता त्यो, पर खायचा माल तोलायच्या पारड्यात खोकणारा माणूस, गिऱ्हाईक बगतंय, चार लोक बोलत्यात. खोटं नव्हतं ते. मग दुपारी गिऱ्हाईक पांगलं की धुळाकाका गुंडाला बसवायचा, आन् मागनं पारडं राखंनं घासून, उकळतं पाणी वतून धुवायचा.

पावसाळा सरता सरता गुंडा माशीत आला. ज्या वजनात पयला पेढा वाटला, त्या वजनात.

शेवटच्या खेपेला चंद्रानं त्येला टांग्यातनं उचलूनच आणला. पारड्यात ठिवला. साखळ्या कुरकुरल्याबी न्हाईत. धुळाकाका समोरच्या पारड्यातनं एकेक माप काढाय लागला. काढतोय, काढतोय, तरी गुंडाचं पारडं वरच. माशीचंबी माप निगालं. पोरांनो, माशीच्या खाली सायबानं वजनच ठिवलेलं न्हाई. काटा मधोमध आला तवा त्या पारड्यात जे उरलं हुतं, ते एकाद्या पोराचं वजन म्हणून खपलं असतं.

चंद्रा काकाच्या तोंडाकडं बगत हुती.

धुळाकाकानं सगळा जल्म वजा करण्यात घालवला. त्या दिवशी त्येनं पयल्यांदा मिळवलं. म्हणला, "चढलंय की गा. कोंबड्याच्या वर हाय. पिसाला टेकलाय."

गुंडा ह्याच आडतीचा हमाल. वाटंनं जाता जाता पारड्यातली मापं वळखणारा. त्येनं समोरच्या पारड्यात नजर टाकली. मग चंद्राकडं बगितलं. मग म्हणला, "तरीच. सदरा घट्ट हुतोय दोन दीस झालं."

आन् हसला. हसता हसता खोकला आला, त्यो लय येळ थांबला न्हाई.

चंद्रानं त्येला उचलला. एका हातानं. रिकामं पोतं उचलतात तसा. दारापातूर ग्येली, थांबली, आन् मागं न वळता धुळाकाकाला म्हणाली, "काका, कडता लय झाला आज."

टांगा ग्येला. तिघांनाबी खरं वजन ठावं हुतं, आन् तिघांनीबी एकमेकाला सांगितलं न्हाई. मला ठावं हुतं ते तर कुणी इचारतच न्हाई.

फुडल्या बाजाराला धुळाकाकानं दुपारी पारडं घासून, पुसून, खाली उतरवून ठिवलं. उनं कलली तरी तसंच ठिवलं. टांगा काय आला न्हाई. त्येच्या फुडच्याबी न्हाई. मग एका बाजाराला काकानं न सांगता पारडं वर चढवलं आन् त्यात गूळ टाकला.

आता आडतीत घड्याळासारख्या तोंडाचा नवा काटा आलाय. मला खाली काढून भिंतीला टेकवलंय. दांडीवर गंज चढलाय, साखळीत कोळी बसलाय. दसऱ्याचा हार नव्याला जातुया. जाऊ द्या. मला तेल नगं, हार नगं.

एवढंच सांगतो पोरांनो. जुना काटा दिसला की पोरं त्येला उभा करून, वर धरून बगत्यात. दोनी पारडी मोकळी असली की काटा झुलतो, झुलतो, आन् बरूबर मधोमध येऊन उभा ऱ्हातो. समदं ठीक हाय म्हणून सांगतो.

त्येच्यावर इस्वास ठिवू नका.