पंधरावी काठी

मी एक जुना पटर आहे. गोल्फच्या पिशवीत लांबलचक काठ्यांच्या मधे एक बुटकी काठी असते ना, चेंडू हिरवळीवरून अलगद भोकात सरकवायची, ती मी. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी शूर वगैरे मुळीच नाही. इतर काठ्या आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. माझी गोष्ट भीतीची आहे. ही भीती एका माणसाच्या तळहातातून माझ्या मुठीच्या चामड्यात उतरली आणि तिथेच मुक्कामाला राहिली.

माझा जन्म स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा, इनव्हरकार गावातला. तिथल्या गोल्फच्या मैदानाचं गवत राखणारा वॉल्टर टेनंट नावाचा माणूस होता. मोडीत निघालेल्या एका मासेमारी बोटीचं पितळ त्याने आणलं, वितळवलं आणि त्याचं माझं डोकं केलं. घासताना वर एक बारीक खाच राहून गेली. लोक म्हणाले, बिघडलं. वॉल्टर म्हणाला, "राहू दे. तिथूनच नेम धरायचा." मग त्याने मला आपल्या मुलाच्या, फर्गसच्या हातात दिलं. त्या हातांची पकड उबदार होती आणि अगदी निवांत होती. ती आठवण मी अजून जपून ठेवली आहे.

फर्गस मोठा झाला, व्यावसायिक खेळाडू झाला, व्यावसायिक स्पर्धांच्या जुन्या, नावाजलेल्या मालिकेत खेळू लागला. तोवर वॉल्टर वारला होता. वॉल्टरचा जिवलग दोस्त डूगल आधीपासूनच खेळाडूंच्या पिशव्या वाहायचा; सगळे त्याला डूगीकाका म्हणतात. त्याने फर्गसची पिशवी खांद्यावर घेतली. डूगीकाका म्हणजे एक वल्लीच. चहात चार चमचे साखर, बोलण्यात एकही नाही. माझ्यासाठी त्याच्या बायकोने निळी लोकरीची टोपी विणली होती. ओल्या फडक्याने मला पुसताना तो पुटपुटायचा, "चल रे म्हाताऱ्या, थोबाड धू."

पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या न्यायच्या असा नियम आहे. एक जरी जास्त निघाली तरी दंड, म्हणजे नावावर जादा फटके चढतात, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकतो. म्हणून रोज सकाळी पहिल्या फटक्याआधी डूगीकाका एकेका काठीच्या डोक्यावर बोट ठेवून मोठ्याने मोजायचा. "एक, दोन, तीन..." चौदा झाले की फर्गस म्हणायचा, "निघू या, काका." त्याशिवाय दोघांचा दिवस सुरूच व्हायचा नाही. अकरा वर्षं हे चाललं. आम्ही आयर्लंडच्या पावसात जिंकलो, पोर्तुगालच्या उन्हात जिंकलो. एका वर्तमानपत्रात तर माझा फोटो छापून आला. डूगीकाकाने तो कापून आपल्या गाडीत चिकटवला होता.

आणि मग तो शुक्रवार आला.

जुन्या मालिकेत शुक्रवार फार वाईट. स्पर्धा गुरुवारपासून चार दिवसांची, पण दोन दिवस झाले की निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात. फर्गसला टिकायला एक चेंडू आत घालायचा होता. अंतर दोन फूट. तुमची आजीसुद्धा चहाचा कप हातात धरून घालेल इतकं सोपं. त्याने नेम धरला, मला मागे नेलं आणि त्याच्या उजव्या मनगटाला एकाएकी झटका बसला. मी वाकडा झालो. चेंडू भोकाच्या कडेवरून निघून गेला.

"वारा रे, वारा," डूगीकाका म्हणाला.

वारा नव्हता मित्रांनो. मला ठाऊक होतं. त्या झटक्याविषयी मी ऐकून होतो. चांगल्या-चांगल्या खेळाडूंना तो गाठतो आणि कायमचा संपवतो. त्याचं नाव मैदानावर कोणी घेत नाही. रात्री सापाचं नाव घेत नाहीत ना, तसंच. नाव घेतलं की येतो म्हणतात. फर्गसनेही घेतलं नाही. तो मूग गिळून बसला. पण त्यानंतर दर शुक्रवारी त्याचे तळहात घामाने थबथबायचे, माझं चामडं ओलं व्हायचं आणि मी मनात म्हणायचो, आज नको, देवा, आज नको.

त्याच सुमारास नवी मालिका निघाली. गडगंज पैसा, तीनच दिवसांचा खेळ, जोरजोरात गाणी. जुनी मालिका चिडली. जो तिकडे जाईल त्याला इकडचं दार बंद, असं तिने जाहीर केलं. कालपर्यंत एका टेबलावर न्याहारी करणारे खेळाडू एकमेकांकडे संशयाने बघू लागले. 'पुढचा कोण फुटणार?' हीच कुजबुज. आणि एके दिवशी फर्गसने नव्या मालिकेच्या करारावर सही केली.

डूगीकाकाला कळलं ते मैदानाबाहेर, गाड्या लावतात तिथे. त्याने पिशवी खांद्यावरून उतरवून जमिनीवर ठेवली.

"किती दिले रे?"

"काका, तसं नाहीये."

"मग कसंय? सांग ना! तुझ्या बापाने बोटीच्या भंगारातून तुला पटर करून दिला. आणि तू विकला गेलास? थू!"

फर्गसने तोंड उघडलं. मला वाटलं, सांगेल. आता तरी सांगेल! पण त्याने तोंड मिटलं. डूगीकाका पाठ फिरवून निघून गेला. पिशवीची आपली खांद्याची पट्टी तेवढी काढून घेऊन गेला. पुढे इनव्हरकारमध्ये तो सगळ्यांना सांगत सुटला, वॉल्टरचं पोर हावरट निघालं.

खरं काय ते फक्त मला माहीत होतं. नव्या मालिकेत कोणालाच मधे घरी पाठवत नव्हते. तिथे शुक्रवारची टांगती तलवार नव्हती. फर्गस त्यासाठी पळाला होता. आणि मित्रांनो, माहीत असून मला बोलता येत नव्हतं! काठीच्या जन्माचं हेच दुःख.

पण भीती का कुठे मागे राहते? ती विमानातून आमच्याबरोबर नव्या मालिकेच्या वाळवंटातल्या मैदानावर आली. तिथेही झटका आला. नव्या मालिकेत खेळाडूंचे संघ असतात; त्याच्या संघाच्या लोकांनी मग त्याला एक नवा पटर दिला. चांगला छातीपर्यंत उंच, चकचकीत, दोन्ही हातांनी झाडूसारखा धरायचा. मी इनव्हरकारला, त्याच्या आईच्या घरच्या कपाटात गेलो. दोन वर्षं अंधारात राहिलो, टोपीला बुरशी लागली. दार उघडल्याचा आवाज आला की मला वाटायचं, आता भंगारात. मी भंगारातूनच आलो होतो, त्यामुळे तिथे परत जाण्याची मला फार भीती वाटत होती.

दोन वर्षांनी नव्या मालिकेने पुढच्या वर्षीच्या खेळाडूंची यादी काढली, तीत फर्गसचं नाव नव्हतं. जुन्या मालिकेची बंदी अजून उठली नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं. तो इनव्हरकारला आईच्या घरी परतला. गावात बेकरीत शिरला की बोलणं थांबायचं. क्लबातल्या म्हाताऱ्यांनी त्याला अक्षरशः वाळीत टाकलं होतं.

एकच दार उघडं होतं. त्या वर्षी खुली अजिंक्यपद स्पर्धा शेजारच्याच मैदानावर होती, आणि तिची पात्रता फेरी इनव्हरकारला. एकाच दिवशी छत्तीस होल, म्हणजे अठरा भोकांच्या मैदानाच्या दोन फेऱ्या, पहिले तिघे आत. तिथे तुम्ही कोणत्या मालिकेचे, हे विचारत नाहीत. हे दार लागलं असतं तर फर्गस पुन्हा खेळला नसता. क्लबच्या कचेरीत कारकुनाची नोकरी बघून ठेव, असं त्याने आईला सांगितलंही होतं.

त्या सकाळी त्याने कपाट उघडलं. माझी तर पाचावर धारण बसली. त्याने मला उचललं, टोपीवरची बुरशी झटकली आणि पिशवीत टाकलं. उंच पटर पिशवीत होताच. सरावाच्या वेळी ठरवू, एक काढून ठेवू, असा त्याचा बेत असावा.

मैदानावर पोचलो तर समुद्रावरून धुकं आलेलं, आणि त्या धुक्यात डूगीकाका उभा. खांद्यावर जुनी पट्टी.

"तुझ्या आईने पाठवलंय," तो म्हणाला. "गैरसमज नको. तुझ्याशी मला बोलायचं नाहीये."

"बरं, काका."

"काका म्हणू नकोस."

काकाला असा अचानक समोर बघून फर्गस एक पटर काढून ठेवायचं साफ विसरला. त्याच्या नावाचा पुकारा झाला. डूगीकाकाने त्या दिवशी मोजलं नाही. मोठ्याने मोजायचं तर बोलावं लागलं असतं ना! अबोला असा महागात पडतो.

पहिला होल फर्गस उंच पटरने कसाबसा खेळला. दुसऱ्याकडे जाताना डूगीकाका मधेच थांबला. खांदा हलवला, पुन्हा हलवला.

"तीस वर्षं ओझं वाहतोय," तो पुटपुटला. "एक काठी जास्त आहे."

त्याने मोजलं. चौदाव्यानंतर त्याचं बोट माझ्या निळ्या टोपीवर आलं. बायकोच्या हातचं विणकाम त्याने लगेच ओळखलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. जोडीला खेळणारा आणि फर्गसचे फटके लिहून ठेवणारा बेकरीतला कीथ पुढे गेला होता. आणि शेजारीच काटेरी झुडपांची दाट जाळी होती. फर्गसने मला पिशवीतून उपसलं आणि जाळीकडे बघितलं. मित्रांनो, त्या क्षणाची आठवण आली तरी मी आजही गार पडतो. एक हिसका, आणि मी काट्यांत. कोणाला कळणार होतं? दंड टळला असता. त्याची बोटं माझ्या गळ्याभोवती आवळली. डूगीकाका नुसता बघत राहिला.

"कीथ!" फर्गस ओरडला. "माझ्याकडे पंधरा काठ्या आहेत. पहिल्या होलचे दोन फटके दंडाचे लिही."

धुक्यातून आवाज आला, "नक्की? बरं... लिहितो बाबा."

डूगीकाकाने खोल श्वास घेतला. "दोन-दोन पटर कशाला रे आणलेस, गाढवा?"

आणि तेव्हा, दोन वर्षांनी, फर्गस बोलला.

"मला झटका येतो, काका." ते नाव त्याने मैदानावर उभं राहून घेतलं. "त्या शुक्रवारी वारा नव्हता. मला दोन फुटांची भीती वाटते. तिकडे कोणाला घरी पाठवत नाहीत म्हणून गेलो. पैसेही घेतले, खोटं कशाला बोलू? पण पळालो तो भीतीने."

डूगीकाकाने पिशवी खाली ठेवली. "अरे, मग त्या दिवशी सांगायचंस ना! मी गावभर तुला हावरट म्हणत फिरलो. आणि आज मोजलंसुद्धा नाही. मोजणं माझं काम होतं रे."

"सांगितलं असतं तर तुम्ही सोडून गेला असता."

"असा कसा गेलो असतो? आता बोल, कोणता ठेवायचा?"

नको असलेली काठी पिशवीत उलटी करून ठेवतात, म्हणजे तिला हात लावायचा नाही. मी डोळे मिटले असते, डोळे असते तर. डूगीकाकाने फर्गसकडे पाहिलं, फर्गसने मान हलवली, आणि उंच पटर डोकं खाली करून पिशवीत गेला.

दिवसभर झटका आला आणि गेला. दोन वेळा चेंडू चुकला. प्रत्येक वेळी फर्गस सांगायचा, "येतोय, काका," आणि डूगीकाका म्हणायचा, "येऊ दे. त्याच्या बापाचं मैदान नाही, तुझ्या बापाचं आहे." संध्याकाळी छत्तिसाव्या होलवर पुन्हा तेच दोन फूट. भोवती सगळं गाव, एकही टाळी नाही. त्याचे हात ओले होते. "येतोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माहितीये," काका म्हणाला. फर्गसने वॉल्टरच्या खाचेवर नजर ठेवली. झटका आलाच. पण त्याने मला सोडलं नाही. चेंडू कडेवर फिरला, रेंगाळला आणि आत पडला.

आम्ही तिसरे होतो. तास-दीड तास फळ्याजवळ उभे राहिलो. मग शेवटच्या जोडीतला एक पोरगा आला आणि एका फटक्याने आमच्या पुढे गेला. एका फटक्याने! दंडाचे ते दोन नसते तर आम्ही आत होतो. फर्गस भिंतीला टेकून रडला. क्लबातल्या एका म्हाताऱ्याने, ज्याने दोन वर्षं ओळख दाखवली नव्हती, त्याच्या हातात मुकाट्याने चहाचा कप दिला.

कचेरीतली नोकरी त्याने घेतली नाही. यंदा वसंतात बंदी उठली. आता तो जुन्या मालिकेच्या अगदी खालच्या पायरीवर, छोट्या स्पर्धांत खेळतो. शुक्रवार तिथेही आहे. मला अजून भीती वाटते, खोटं सांगणार नाही. परवा पहिल्या फटक्याआधी डूगीकाका बोट ठेवून मोजत होता. "...तेरा, चौदा." फर्गस नेहमीसारखं 'निघू या' म्हणाला नाही.

"आणि एक भीती, काका. पंधरावी."

डूगीकाकाने पट्टी खांद्यावर चढवली. "तिला दंड नाही. येऊ दे बरोबर."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, ऊन-पावसात टाकू नका, असं मी म्हणणार होतो. पण ते राहू द्या. सकाळी घरातून निघताना आपली पिशवी मोठ्याने मोजत जा. आणि ती मोजणाऱ्या माणसाशी कधी अबोला धरू नका.