दारात ठेवलेला जामीन

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरातला नव्हे. सिमेंट, वाळू आणि खडी कालवणारा, दोन चाकांचा, मोठ्या पोटाचा. माझी कीव करू नका. मला राग आला आहे, तेवढा ऐकून घ्या.

तरुणपणी मी मरमर राबलो. एका शाळेचा अख्खा जिना माझ्याच पोटात कालवला गेला. गवंडी पाठीवर थाप मारून म्हणायचे, "गडी दमत नाही!" मग एकदा माझी मोटर जळली. माझ्या मालकाने, म्हणजे कंत्राटदाराने, ती भंगारात विकली. मला मात्र ठेवले, वर झकास पिवळा रंग दिला. मला वाटले, माया आहे हो माझ्यावर! कसली माया आणि कसले काय! त्या लबाडाला मी लोकांच्या दारात उभा करायला हवा होतो.

शेवटचे दार बाबांचे, म्हणजे लेकीसोबत राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचे. पाय मोडल्यापासून त्यांना जिना चढवत नव्हता आणि न्हाणीघर होते वरच्या मजल्यावर. खालच्या अडगळीच्या खोलीत नवे बांधायचे ठरले. कंत्राटदाराने सगळे पैसे आधी मागितले, तेही रोख.

"बाबा, थोडे आत्ता द्या. बाकीचे काम होईल तसे देऊ," लेक म्हणाली. "आणि पावती घेऊ."

"ताई, माल महागतोय म्हणून म्हणतो," कंत्राटदार म्हणाला. "आणि मी काय पळून जाणार आहे? एवढं मशीन तुमच्या दारात सोडून?"

त्याने माझ्यावर हात ठेवला. मला दात असते तर चावलोच असतो.

"बघ गं, उगाच माणसावर संशय घेतेस," बाबा म्हणाले आणि त्यांनी पैसे देऊन टाकले.

पुढे काय व्हायचे ते झाले. खोलीची फरशी उखडली, भिंतीला भोक पाडले आणि मंडळींनी पोबारा केला. फोनवर आधी "उद्या नक्की" यायचे, मग नुसतीच रिंग. बाबा बसून जिना चढत, एकेक पायरी, दात आवळून. मागे लेक हात पुढे करून उभी. तरी बाबा मला रोज पुसायचे. पाऊस आला तेव्हा त्यांनी स्वतःचा रेनकोट मला घातला. म्हणाले, "येईल तो. त्याचं मशीन आहे ना इथं!" त्या रेनकोटाखाली मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेवटी लेकीने दुसरा गवंडी बोलावला. त्याने मला पाहताच विचारले, "हे चालतं का?"

इतक्या दिवसांत कुणी माझे बटण दाबलेच नव्हते! गवंड्याने दाबले. काही नाही. त्याने झाकण उघडले. मोटरच्या जागी एक वीट होती.

"बाबा, हे नुसतं डबडं आहे हो," गवंडी म्हणाला.

बाबांनी माझ्या अंगावरचा रेनकोट काढून घेतला.

या वेळी बोलणी लेकीने केली. सगळे आधी लिहून सह्या झाल्या. मालाचे पैसे दुकानाच्या पावतीवर, नळ बसले की नळांचे, फरशी झाली की फरशीचे, सगळे बँकेतून. शेवटचे, पाणी नीट वाहून गेल्यावर.

"बरंय ताई," गवंडी म्हणाला, "माझ्याही डोक्याला ताप नाही."

आज सकाळी टेम्पोवाला आला. "शेठनी मशीन मागवलंय. दुसरीकडे काम धरलंय."

बाबा खालच्या नव्या न्हाणीघरातून ओल्या केसांनीच बाहेर आले. "शेठला म्हणावं, स्वतः ये, आधी माझ्या पैशांचं बोल. आणि हे धूड आता दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहणार नाही!"

टेम्पो रिकामा गेला.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी मुळीच घेऊ नका. माझ्यासारखे काही दारात ठेवून कुणी सगळे पैसे मागितले, तर ते देऊ नका. आधी बटण दाबा.

ते बघा, बाबा गवंड्याचा घण घेऊन आले. मारा बाबा, जोरात मारा.