पहिली उतरण

“भोकांच्या डिस्क का नको, उस्ता? दिसतात कसल्या भारी!”

मेदेतने हे विचारलं आणि माझ्या हातातला पाना गॅरेजच्या खड्ड्यात पडला. सहा वर्षांपूर्वीही या माणसाने याच जागी उभं राहून हेच विचारलं होतं, अगदी याच लाडिक सुरात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, टायरच्या ढिगावर बसून खिम्याचा सामसा खात होते, आणि मला शब्द न् शब्द आठवतोय. त्याला आठवत नव्हतं. किंवा आठवत होतं आणि लाज नव्हती. लाज नव्हती, असंच मी धरून चालले.

“भोकं पडलेली डिस्क म्हणजे चाळण,” टोक्तोसुनमामा म्हणाला. “चाळणीने पीठ चाळावं. घाटात तापली की एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत तडा जातो. तुला माहीत आहे.”

शेवटचे तीन शब्द तो हळू बोलला. मेदेतने डोक्यावरची टोपी आणखी खाली ओढली.

आमचं गॅरेज सोस्नोव्काच्या टोकाला आहे, तो-आशू नावाचा घाट सुरू होतो तिथे. मालाचे दोन जुने कंटेनर, वर पत्रा, मध्ये खड्डा. मामाला ब्रेकशिवाय काही येत नाही आणि शिकायचंही नाही. खिंड उतरून आलेल्या गाडीचा नुसता वास घेऊन तो सांगतो, पुढचे पॅड संपलेत की मागचे चिकटलेत. त्याच्या नावाचा अर्थ ‘थांबो’. आधीची तीन बाळं गेली म्हणून आजीने ते ठेवलं होतं. पण ट्रकवाले म्हणतात, उस्ताने, म्हणजे मिस्त्रीने, नाव बघूनच धंदा धरला.

मेदेत शर्यतीत गाडी चालवतो. सहा वर्षांपूर्वी मामाने त्याला सांगितलं होतं, बिनभोकांची जाड डिस्क घे, आतून हवा खेळणारी. त्याने ऐकलं नाही. शहरात जाऊन चकचकीत भोकांच्या डिस्क बसवून घेतल्या, आणि घाटाच्या नवव्या वळणावर पुढची उजवी फुटली. गाडी कड्याला घासत गेली. मेदेतला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडी मालकाची होती, मालकाने सगळ्यांदेखत विचारलं, ब्रेक कुणी बसवले? समोर कुणाचा तरी मोबाइल चालू होता. मेदेत म्हणाला, “सोस्नोव्काच्या टोक्तोसुनने.”

एवढंच. तेवढा तुकडा मोबाइलवरून मोबाइलवर फिरत राहिला. मामाने भेटेल त्याला खरं सांगितलं, लोकांनी “हो, हो” म्हणत चहा संपवला आणि गाडी दुसरीकडे नेली. शर्यतीची एकही गाडी पुन्हा आली नाही. कारा-बाल्टाच्या एका मास्तरीणबाईंशी ठरत आलेलं त्याचं लग्न तिथेच राहिलं. तो मेंढ्यांच्या ट्रकांचे आणि टॅक्सींचे ब्रेक करत चाळीस वर्षांचा झाला. गावात त्याचं नाव पडलं ब्रेकफेल. शाळेत मी ब्रेकफेलची भाची.

पण गेल्या महिन्यात मी जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेत उभी राहिले आणि पुठ्ठ्याची डिस्क हातात घेऊन अख्ख्या सभागृहाला समजावलं, की ब्रेक गाडी थांबवत नाही, वेगाची उष्णता करतो, आणि ती उष्णता ज्याला सांभाळता येते तो खरा उस्ता. पहिला नंबर! तेव्हापासून मी वर्गात मान वर करून चालते, आणि ब्रेकफेल म्हणणाऱ्या दोघांना मी... जाऊ दे. सांगायचं ते हे, की घाबरायचं मी सोडून दिलं होतं. आणि त्या शनिवारी, अर्धी शाळा करून मी आले, तर हा मेदेत दारात.

रविवारी घाटाची शर्यत होती. त्याची उजव्या हाताच्या स्टिअरिंगची जपानी गाडी ब्रेक मारला की पायाखाली धडधडत होती. शहरातल्या तीन गॅरेजांनी तीनदा डिस्क बदलल्या, धडधड तशीच. मामाने चाकं काढली आणि नाकातून हसला.

“डावीकडची डिस्क उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. आतल्या पाकळ्या हवा बाहेर फेकायच्या, त्या आत ढकलतायत. आणि मागचा गंज कुणी घासायचा? डिस्क तिरकी बसलीय. ह्याही तापून वाकल्यात, फेकून दे.”

“तीन ठिकाणी फिरलो, उस्ता. कुणी सांगितलं नाही.”

“कुणी गुडघ्यावर बसून बघितलं नसेल.”

मग मामाने कंटेनरमधून जाड, साध्या डिस्क आणल्या. मेदेतने तोंड वाकडं केलं. त्यानंतर मामाने पॅडचे तीन डबे ओळीने फळीवर मांडले.

“हे शहरातले. पहिल्या दाबाला धरतात, पाचव्या वळणाला लोणी. हे काळ्या डब्यातले, रिंगणात गरगर फिरणाऱ्या गाड्यांचे. लालबुंद तापले तरी हटत नाहीत, पण थंड असताना लाकडाचा ठोकळा. उद्या उतरणीची सुरुवात बोगद्याच्या तोंडाशी ना? तिथे सकाळी बाटलीतलं पाणी गोठतं. पहिलं वळण किती लांब?”

“चारशे मीटर.”

“चारशे मीटरमध्ये हे जागे व्हायचे नाहीत. म्हणून हे निळे घे. थंडीत धरतात, तापल्यावर सोडत नाहीत. किंचाळतात जरा. किंचाळू देत.”

चारशे मीटर! माझ्या डोक्यात दिवाच लागला. मेदेत समोरच्या टपरीवर बुरुल मावशीकडे चहा प्यायला गेला तसा मी मामाच्या कानाशी लागले.

“मामा, काळे.”

“काय काळे?”

“काळे बसव. नवे, महागाचे, कोऱ्या डब्यातले. कोण म्हणेल चुकीचे? त्याला बरोबर पहिल्या वळणावर कळेल.”

मामाचा हात काळ्या डब्यावरच होता. तो माझ्याकडे बघत राहिला. “जा,” तो म्हणाला, “डिस्कमागचा हब घासायला घे.”

तो नाही म्हणाला नव्हता. मला तेवढंच ऐकू आलं.

मामा खड्ड्यात उतरला तेव्हा मी काळ्या डब्यातले चार पॅड निळ्यात टाकले, निळ्यातले काळ्यात. खरं सांगते, गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. सहा वर्षं! मास्तरीणबाई, स्पर्धेच्या सभागृहात मागच्या बाकावरून आलेली ‘ब्रेकफेल’ ही हाक, मामाचं एकट्याचं जेवण, सगळ्याचा हिशेब चारशे मीटरमध्ये. मेदेत मरेल असं माझ्या मनात आलं नाही. तो घाबरेल, कड्यावर आपटेल, सगळ्यांसमोर रडेल, असलंच काहीतरी मी बघत होते. मरणाचं चित्र मी मुद्दाम काढलं नाही, एवढं मला आता कळतं.

मामाने निळ्या डब्यातला एक पॅड उचलला. तळहातावर धरला. थांबला. मग चारही खिशात टाकले, फळीवरचे डबे आवरून काखेत मारले आणि “ग्रीस आणतो” म्हणत कंटेनरमध्ये गेला. बराच वेळ आला नाही. आला तो सरळ चाकापाशी बसला आणि माझ्याकडे पाठ करून पॅड बसवले. मी मनात म्हटलं, एवढा मोठा उस्ता आणि कळलं नाही! बघा मूर्खपणा.

चाकं चढली, ब्रेक ऑइल नवं भरलं, आणि मामा वाळूने हात घासायला लागला. मग त्याने खुंटीवरचं चांगलं जाकीट काढलं.

जाकीट म्हणजे तो गाडीबरोबर निघाला.

आमच्याकडे आजोबांपासूनचा नियम आहे. ब्रेक ज्याच्या हातचे, तो पहिल्या उतरणीला शेजारी बसतो. मेंढ्यांचा ट्रक असो, लग्नाची बस असो. वर जायचं, घाट उतरायचा, दहा-बारा वेळा जोरात दाबून पॅड डिस्कला रुळवायचे, मगच गाडी मालकाची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण या माणसाच्या शेजारी मामा बसेल? मला वाटलं होतं तो थुंकेल आणि म्हणेल, जा तुझा तू.

मामा डावीकडे बसला, पट्टा लावला. मेदेतने इंजिन चालू केलं. मी धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

“मामा, उतर! उतर आधी! पॅड चुकीचे आहेत! मी बदलले, निळ्या डब्यात काळे टाकले मी!”

बुरुल मावशीचा चिमटा तंदूरच्या तोंडाशी थांबला. मेंढ्यांचा ट्रक घेऊन आलेले जुमाबाय आजोबा खिडकीतून अर्धे बाहेर आले. मेदेत उडी मारून खाली उतरला.

“ऐकलंत? सगळ्यांनी ऐकलंत ना? सहा वर्षं मी काय सांगतोय! इथे माणसं मारतात!”

तेव्हा मला कळलं मी काय केलं. सहा वर्षं जे खोटं होतं, ते मी एका दुपारी खरं करून ठेवलं होतं.

“म्हणून म्हणतात,” बुरुल मावशी हळूच म्हणाली, “भाची येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले.”

मामा जागचा हलला नाही. त्याने फक्त काच खाली केली.

“मेदेत, पोरगी म्हणते काळे आहेत. मी म्हणतो निळे आहेत. बस.”

“चाक काढ. मला बघायचंय.”

“काढतो. ओळखशील? डब्याबाहेर दोन्ही सारखेच दिसतात.”

 मेदेतला रंग कळत होते आणि भोकं कळत होती.

“मग मी दुसरीकडे जातो.”

“जा. तीन ठिकाणी जाऊन आलास, चौथीकडे जा. उद्या सकाळी सातला शर्यत आहे.” मामाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “सोपी खूण सांगतो. तेव्हाचे ब्रेक माझ्या हातचे असतील तर या गाडीत बसू नकोस. माझ्या हातचे ब्रेक फुटतात, तूच जगाला सांगितलंयस. आणि नसतील माझ्या हातचे, तर तसं म्हण आणि बस. मी बसलोय.”

मामा एका दमात एवढं बोललेला मी जन्मात ऐकला नव्हता.

मेदेत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोल रे बाबा,” जुमाबाय आजोबा ओरडले, “माझं इंजिन चालू आहे.”

“मग बंद करा की!”

“मी का करू? अडलंय तुझं.”

मेदेतने घाटाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. कानापर्यंत लाल झाला होता. “नव्हते,” तो म्हणाला.

“काय नव्हते?” मामाने विचारलं.

“ते ब्रेक तू बसवले नव्हतेस.”

“मग?”

“शहरात बसवले. मीच निवडले. भोकांच्या.”

“आणि मी काय म्हणालो होतो?”

“नको म्हणाला होतास. उस्ता, बास आता.”

“बस,” मामा म्हणाला.

ट्रकमधल्या मेंढ्या ओरडत होत्या. आतल्या आत मी नाचत होते, अगदी नाचत होते, आणि त्याच वेळी जमिनीत शिरावंसं वाटत होतं. गाडी वळली आणि घाटाकडे निघाली.

तीन तास लागले. तेवढ्यात बुरुल मावशीने ही गोष्ट दोन बसना आणि एका दुधाच्या टँकरला सांगितली. टँकरवाल्याला तर अशी सांगितली की मेदेत गुडघे टेकून रडला. मी दुरुस्त केलं नाही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होते. निळे असतील का? मामा माझी लाज राखायला खोटं बोलला असेल तर? त्या तीन तासांत मी निळे-काळे एवढ्या वेळा मोजले की शेवटी मला रंगच आठवेनात.

आधी किंचाळणं ऐकू आलं. मग तापलेल्या पॅडचा वास. गाडी हळूहळू येऊन उभी राहिली.

“हँडब्रेक ओढू नकोस,” मामा उतरता उतरता म्हणाला. “गरम आहेत. पेडलही दाबून धरू नकोस, डिस्कवर डाग बसतो. थोडी फिरव, मग लाव.”

“बरं, उस्ता,” मेदेत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा होता. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता तो निघून गेला.

मामाला मात्र नीट उभं राहता येईना. उजव्या पोटरीत गोळा आला होता. त्याला टायरवर बसवून मी पाय चोळायला लागले.

“प्रत्येक वळणाला मीही दाबत होतो,” तो म्हणाला.

“चालवतो कसा?”

“घाबरला की छान चालवतो.”

मी हसले. तो नाही हसला. मी मान खाली घालून चोळत राहिले.

“तुला कधी कळलं?”

“हातात घेतल्या घेतल्या. वजन वेगळं.”

“मग तेव्हाच का नाही बोललास? मला रागावायचंस ना!”

त्याने पाय सोडवून घेतला. “कोणत्या तोंडाने रागावू? ग्रीस शोधायला गेलो होतो ना, ग्रीस समोरच होतं, बेगायिम. काळे मुठीत धरून मीच उभा होतो.”



तो लंगडत आत गेला. जाकिटाखालच्या खिशातून चार काळे पॅड काढून त्याने डब्यात ठेवले, डबा कपाटात. मग बाहेरच्या फाटकाचं पितळी कुलूप काढून आणलं आणि कपाटाला लावलं. फाटक तारेने बांधलं. कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक मला देईल म्हणून मी हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याने स्वतःचा खिसा चाचपला, पण त्यातही टाकल्या नाहीत. दोन्ही किल्ल्या तळहातावर घेऊन तो कंटेनरच्या दारात नुसता उभा राहिला.