उन्हाळ्यात मोजलेला ओढा

बायको, सरिता, वाहून गेली, हे बद्रीनाथला ऑफिसात कळलं. दुपारी साडेतीनला शेजाऱ्याचा फोन आला. तासाभराच्या पावसात कॉलनीचा रस्ता भरून वाहिला होता. ती फाटकाबाहेर स्कूटी काढायला गेली होती.

बद्रीनाथ लेआउटची मोजणी करून नकाशे काढायचा. फुलंब्री रोडवरची ही जमीन त्यानंच मोजली होती, मे महिन्यात. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. ओढ्यातून लोक गाड्या नेत होते. त्यानं नकाशात तिथं रस्ता दाखवला आणि त्याच रस्त्यावर स्वतःचं घर बांधलं.

सरिता गेल्यावर दोन महिन्यांनी बिल्डर हिमांशूशेठनं शेजारच्या जमिनीचा नकाशा पुढं ठेवला.

"हाही ओढा बुजवू. सात प्लॉट वाढतात. उद्या सकाळी जेसीबी येतोय, सही करा."

बद्रीनाथ सही न करताच सकाळी जागेवर गेला. तिथं पारूबाई शेळ्या चारत होती.

"साहेब, मोजायला उन्हाळ्यातच का येता वं तुमी?"

"पावसाळ्यात चिखल असतो, मावशी."

"मंग वढा कसा दिसंल? पोरगी बघाया जाता, तवा ती झोपल्यावर जाता व्हय?" तिनं बाभळीकडं बोट केलं. छातीइतक्या उंचीवर काडीकचरा अडकला होता. "पानी इथवर व्हतं. हे बुजवलं तर आमच्या खालच्या बारा घरांत शिरंल. वढ्यात मुरलं तर हिरीला उतरतंय. तुमी त्याला हाकलता, अन् उन्हाळ्यात टँकर मागवता!"

जेसीबी आला. मागून हिमांशूशेठ.

"सही?"

"नाही करणार."

"वहिनींचं दुःख आहे मला. पण काम थांबवता येत नाही, बद्रीनाथभाऊ."

"सरिताला पावसानं नाही, माझ्या नकाशानं मारलं!" बद्रीनाथचा आवाज चिरकला. "प्लॉट नंबर एक तुमच्या आईंसाठी ठेवलाय ना तुम्ही? तो इथं येतो. या बाभळीपाशी!"

हिमांशूशेठ त्या कचऱ्याकडं बघत राहिला. त्याची आई त्याच्या खांद्याइतकीसुद्धा उंच नव्हती. त्यानं जेसीबीवाल्याला हात केला. "बंद कर. परत ने."

नव्या नकाशात ओढा मोकळा आहे. दोन्ही काठांना पाणी मुरायला झाडांची पट्टी सोडली आहे. प्लॉट कमी झाले.

वाचकहो, प्लॉट घेताना कागद बघता, तशी पावसाळ्यात एकदा जागाही बघा. तिथं जनावरं चारणाऱ्याला विचारा, पाणी कुठून जातं!

बद्रीनाथच्या कॉलनीतला ओढा मात्र अजून रस्त्याखालीच आहे. तो उघडायला अठरा घरांची संमती लागते. अकरा जणांनी दिली आहे. सात जण अजून नाही म्हणतात.