सात घोड्यांतले सहा

शनिवारी दुपारी दोन वाजले की मास्टर सलूनचं शटर अर्ध्यावर ओढायचा आणि स्वतः खुर्चीत बसायचा. हे सुख काय असतं ते ज्याने रोजचे बारा बारा तास उभ्याने काढलेत त्यालाच कळेल. आठवडाभर लोकांच्या माना इकडून तिकडे वळवणारा माणूस शनिवारी दुपारी मान मागे टेकून पाय पसरायचा आणि रेस बघायचा.

टीव्ही मागच्या भिंतीवर होता. त्यामुळे खुर्चीतल्या माणसाला रेस आरशात दिसायची, घोडे उलट्या बाजूने पळायचे आणि त्यांच्या पाठीवरचे आकडेही उलटे दिसायचे. खुर्च्या तीन आणि माणसं पाच, म्हणजे दोघांना बाकड्यावर बसून सरळ टीव्हीकडे बघावं लागे. पण त्यात कमीपणा होता. आरशातली उलटी रेस बघायला मिळणं हा मान समजला जायचा आणि एक खुर्ची कायमची मास्टरची होती.

पाच जणांचा जॅकपॉट होता. सलग पाच रेस, प्रत्येक रेसमध्ये जिंकणारा घोडा आधीच सांगायचा. पाचही बरोबर आले तर घबाड, एक चुकला की तिकिटाची रद्दी. पाच रेस आणि पाच डोकी, म्हणून मंडळींनी नियम केला होता: चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या वाट्याला जी रेस येईल तिचा घोडा त्याने एकट्याने निवडायचा. एक माणूस, एक रेस, एक घोडा. दुसऱ्याच्या रेसमध्ये कोणी नाक खुपसायचं नाही. आणि ज्याच्यामुळे तिकीट जाईल त्याने ते सगळ्यांदेखत फाडून केसांच्या डब्यात टाकायचं आणि चहा करायचा.

घोडा निवडण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आबांनी सारा जन्म वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात घालवलेला, त्यामुळे ते फक्त वजन बघत. जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर पुढच्या वेळी वजन वाढवतात आणि हरणाऱ्याच्या पाठीवरचं कमी करतात, एवढं एकच सत्य आहे आणि बाकी सगळी हवा, असं ते सांगत. घड्याळवाला फक्त वेळ बघे. त्याच्याकडे गेल्या नऊ वर्षांतल्या प्रत्येक रेसची सेकंदं वहीत होती, मात्र स्वतःच्या दुकानात दुरुस्तीला आलेलं घड्याळ त्याने वेळेवर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. गुरांच्या डॉक्टरकडचा कंपाउंडर पाय बघे. आणि मेहुणा, म्हणजे मास्टरच्या बायकोचा धाकटा भाऊ, बस चालवायचा. गाडी कुठलीही असो, चालवणारा महत्त्वाचा, म्हणून तो फक्त जॉकी बघायचा.

मास्टर केस बघायचा. दुसरं काय बघणार? घोड्याच्या अंगावरची तकतकी, आयाळीचा पोत, घामाने केस कुठे चिकटलेत आणि कुठे उभे राहिलेत, यावरून तो घोड्याची तब्येत सांगायचा. एके काळी त्याचा शब्द झेलायला सगळे टपलेले असत. जॅकपॉट कधी लागला नव्हता, तरी मास्टरची रेस चुकली असं क्वचितच व्हायचं.

मग काय बिघडलं देव जाणे. एक आठवडा चुकला, दुसरा चुकला, आणि एकदा शंका शिरली की माणसाला घोड्यात घोडाच दिसेनासा होतो. आज केस चांगले वाटतात पण वेळ वाईट आहे, वेळ चांगली आहे पण वजन जास्त आहे, असं करत तो सगळ्यांचं थोडं थोडं ऐकून भलताच घोडा निवडायला लागला. बाकीचेही हरत होते, पण आळीपाळीने. मास्टर न चुकता हरत होता. सलग अकरा शनिवार.

अकराव्या शनिवारी रेस संपल्यावर मेहुण्याने विषय काढला. तोही आरशाकडे बघून, भांग पाडत पाडत. म्हणाला, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण आता बारावी चूक झाली तर भाऊजींनी थोडी विश्रांती घ्यावी. समोरचा केमिस्ट कधीपासून मागे लागलाय. त्याला घेऊ. जमणार कुठे? इथेच, टीव्ही इथे आहे ना. भाऊजींचं दुकान आहे, त्यांना कोण नाही म्हणतंय, त्यांनी खुशाल असावं. फक्त खुर्ची केमिस्टला द्यावी लागेल.

कोणी हो म्हटलं नाही आणि कोणी नाहीही म्हटलं नाही. मास्टर त्या क्षणी आबांची दाढी करत होता आणि त्याला फार वाईट वाटलं. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या टीव्हीसमोर, उभं राहून पाच जणांना चहा द्यायचा आणि ती रेस कोणाची हे विचारायचासुद्धा हक्क नाही. केमिस्ट तर जन्मतारखेवरून घोडे लावायचा. मास्टरचा हात असा थांबला की आबांना डोळे उघडून बघावं लागलं.

बाराव्या शनिवारच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच टाकल्या, त्यात मास्टरला पाचवी रेस आली, जॅकपॉटमधली शेवटची. सात घोड्यांची. त्याने मंडळींना सांगितलं चार नंबर, झंझावात. सगळ्या दुनियेची पसंती त्याच घोड्याला होती, त्यामुळे हरला तरी कोणी काही बोलू शकलं नसतं. मेहुण्याने मान डोलावली. शनिवारी सकाळी तिकीट लावायला नेहमीप्रमाणे मास्टरच गेला, कारण काउंटर त्याच्या घरून येण्याच्या वाटेवर होतं.

वाटेत त्याच्या मनात पाप आलं. एका रेसमध्ये एकापेक्षा जास्त घोडे घेता येतात, काउंटरवाला नाही म्हणत नाही. फक्त दर घोड्यामागे तिकिटाची किंमत तेवढ्या पटीने वाढते. आणि मास्टरच्या खिशात खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन बदलायला बायकोने दिलेले पैसे होते. आपल्या रेसमधले सगळेच्या सगळे घोडे घेतले तर? मग जगात कोणीही जिंको, मास्टरची रेस चुकणार नाही. नियम मोडला जाईल हे खरं. पण कळणार कोणाला? हरलेलं तिकीट फाडतो तो ज्याची रेस चुकली तो, आणि आज तो मास्टर नक्कीच नसणार होता. उरला जिंकण्याचा प्रश्न, तर चार रेस बरोबर येऊन आपल्यापर्यंत गाडी पोचते कधी? गेल्या नऊ वर्षांत एकदाही नाही.

काउंटरच्या पायरीवर बसून त्याने हिशेब केला. पैसे सहा घोड्यांचे होत होते, सातव्याचे होत नव्हते. घड्याळवाल्याचं दुकान दोन पावलांवर होतं, पण त्याला सांगणार काय? माझा माझ्यावर भरवसा उरला नाही, जरा एका घोड्याचे पैसे दे?

तेव्हा एक घोडा वगळणं आलं. आणि इथे एक चमत्कार झाला. अकरा आठवडे जिंकणारा घोडा शोधताना ज्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, त्याला हरणारा घोडा पहिल्या नजरेत दिसला. सात नंबर, सबुरी. वय नऊ. दोन वर्षांत एकही रेस जिंकलेली नाही. वेळ अशी, की घड्याळवाल्याने ती वहीत लिहायचंही सोडून दिलं होतं. जॉकी असा, की मेहुण्याने त्याच्या हाती सायकल दिली नसती. आणि केस? पंधरा दिवसांपूर्वी मास्टरने त्या घोडीला टीव्हीवर पाहिलं होतं. सलूनच्या दारातलं पायपुसणंसुद्धा त्यापेक्षा तकतकीत होतं. मास्टरने रेसचं पुस्तक मिटलं. कितीतरी दिवसांनी त्याला आतून अगदी खात्री वाटली आणि त्या खात्रीने त्याला बरं वाटलं. सात सोडून सगळे, त्याने काउंटरवाल्याला सांगितलं.

दुपारी पहिली रेस आबांची होती, ती ते जिंकले. दुसरी घड्याळवाल्याची, तोही जिंकला. तिसरीत कंपाउंडरचा घोडा एवढा पुढे आला की कंपाउंडर लाजला. चौथी मेहुण्याची. त्याच्या घोड्याने शेवटच्या ढांगेत नाक पुढे काढलं, फोटो बघून निकाल दिला, आणि मेहुणा खुर्चीतून उठून भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला.

मग सगळे मास्टरकडे वळले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिकीट पाचव्या रेसपर्यंत जिवंत पोचलं होतं आणि पाचवी रेस मास्टरची होती. आबांनी छातीवर हात ठेवला. कंपाउंडर त्यांची नाडी बघू लागला, गुरांची बघतात तशी. मेहुणा घाम पुसत म्हणाला की भाऊजी, झालं गेलं विसरून जा. एकटा मास्टर खुर्चीत मान टेकून निवांत चहा पीत होता. त्याचा तो थंडपणा बघून घड्याळवाल्याला त्याच्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला आणि तसं तो बोलूनही गेला.

घोडे सुटले. झंझावात सुटतानाच अडखळला आणि मागे पडला. चौघांच्या तोंडून एकदम अरेरे निघालं. मास्टरने चहाचा घोट घेतला. एक नंबर पुढे होता, मग पाच नंबर आला, मग तीन नंबरने दोघांना मागे टाकलं. पळा बाबांनो, मास्टरला वाटत होतं, तुम्ही सगळे आपलेच. तिकीट दाखवताना नियम मोडल्याचं सांगावं लागेल, पण घबाडापुढे रागावणार कोण?

शेवटच्या वळणावर समालोचकाने एक नाव घेतलं आणि मास्टरचा कप बशीवर वाजला. सबुरी बाहेरच्या बाजूने येत होती. आरशात ती उलटीकडून येत होती, म्हणून त्याला क्षणभर वाटलं की ती मागे चाललीय. ती मागे जात नव्हती. पायपुसण्यासारख्या केसांची ती म्हातारी घोडी एकेकाला ओलांडत आली आणि सरळ पुढे निघून गेली.

आबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग ते म्हणाले, जाऊ दे, झंझावात सुटतानाच गेला, कोणाचाही गेला असता. त्यांनी ते मनापासून म्हटलं. मेहुण्याचे डोळे मात्र भरून आले होते. नियम म्हणजे नियम, तो म्हणाला, तिकीट काढा भाऊजी आणि फाडा.

मास्टरचा हात खिशाकडे जाईना. कधी नव्हे ते तो विनवण्या करायला लागला, की तिकीट घरी नेतो, आठवण म्हणून ठेवतो. नऊ वर्षांत पहिल्यांदा चार रेस आल्या, हे तिकीट फाडवत नाही. तेव्हा तर सगळ्यांनाच ते एकदा डोळे भरून बघायचं होतं. मेहुण्याने ते त्याच्या खिशातून अलगद काढलं आणि घड्याळवाल्यापुढे धरलं. पाचव्या रेससमोर जिथे एकच आकडा हवा होता तिथे रांग लागली होती. घड्याळवाल्याने सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा," त्याने वाचलं.

"सात कुठाय?" कंपाउंडरने विचारलं.

"सात नाही," मास्टर म्हणाला.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. रेक्झिनचे पैसे, काउंटरची पायरी, सगळं. स्वतःवर भरवसाच उरला नाही, हेही सांगितलं. आणि हेही, की या दुकानात उभं राहून केमिस्टला चहा देण्यापेक्षा चोरी केलेली बरी असं त्याला वाटलं होतं.

"ताईला माहीत आहे?" मेहुण्याने विचारलं.

"काय, घोडे?"

"रेक्झिन."

"नाही."

आधी आबा हसले. त्यांच्या पोटातून कसलासा आवाज आला आणि कंपाउंडर पुन्हा नाडीकडे धावला. पण ते हसणं होतं. सात घोड्यांतले सहा घेतले आणि हरला, आबा म्हणत होते, सातातले सहा घेतले रे याने. मग घड्याळवाल्याचं भिंग डोळ्यावरून खाली पडलं. मग कंपाउंडर बाकड्यावर आडवा झाला. रागवायचं ठरवून उभा राहिलेला मेहुणासुद्धा शेवटी बेसिनला धरून हसायला लागला. मास्टर एकटाच गंभीर होता, पण तोही फार वेळ टिकला नाही.

डोळे पुसत आबांनी विचारलं, की बाबा, सात नंबरच का वगळला? मास्टरने सांगितलं. वय सांगितलं, वेळ सांगितली, जॉकी आणि केस सांगितले. एवढ्या मुद्देसूदपणे तो गेल्या तीन महिन्यांत बोलला नव्हता. आबांनी फक्त एक विचारलं, वजन बघितलंस का? दोन वर्षं हरत होती ती. दर वेळी तिच्या पाठीवरचं वजन कमी होत होतं. आज सगळ्यांत हलकी तीच होती. मास्टरने वजन बघितलं नव्हतं.

"तेच सांगतोय," आबा बाकीच्यांकडे वळून म्हणाले. "हरणाऱ्याचं ओझं कमी करतात. त्याला शर्यतीतून काढत नाहीत. खुर्ची मास्टरचीच राहील. केमिस्टला सांगा, जागा नाही."

मेहुण्याने मान खाली घालून हो म्हटलं. पण मग भाऊजींना रेस कुठली द्यायची, त्याने विचारलं. आबांनी विचार केला. ते म्हणाले, नऊ वर्षं आपण जिंकणारा घोडा शोधतोय, सापडत नाही. आजवर इतक्या छातीठोकपणे कोणी कोणाला बाद ठरवलं होतं का? मास्टरला रेस नको. त्याने प्रत्येक रेसमध्ये एवढंच सांगायचं, की कुठला घोडा काही केल्या जिंकणार नाही.

"आणि मग?" मास्टरने विचारलं.

"मग तो आम्ही लावू."

टीव्हीवर दिवसाची शेवटची, सहावी रेस लागायची होती आणि घोडे रिंगणात फिरत होते. मास्टरला हसावं की रडावं कळेना. पण सवय वाईट, नजर आरशाकडे गेलीच. त्याने एकेक घोडा नीट पाहिला. आणि सकाळसारखीच खात्री त्याला पुन्हा वाटली, थेट पोटातून.

"तीन नंबर," तो म्हणाला. "मरेपर्यंत जिंकणार नाही."

चौघे एकदम उठले. चपला कोणाच्या कोणी घातल्या ते नंतर बघता आलं असतं. काउंटर बंद व्हायला सहा मिनिटं होती आणि वाकून शटरखालून सगळ्यांत आधी आबा बाहेर पडले. मास्टर आपला कप विसळायला उठला होता, तेवढ्यात शटरखालून मेहुण्याचं डोकं परत आत आलं.

"भाऊजी, तुम्हाला वेगळं आमंत्रण द्यायचं का?"

मास्टरने कप तसाच बेसिनमध्ये टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुकान उघडं टाकून पळाला.