निखाऱ्यावरचा ढोल

"आग आत न्यायची नाही," नव्या मैदानाच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला.

"मग ढोल कशावर तापवू? तुझ्या टाळक्यावर?" सरूर म्हणाला.

पहारेकऱ्याने शेगडी उचलून भिंतीशी ठेवली. मी, खलफान, सरूरचा शेजारी आणि त्याच्या ताफ्यातला टाळीवाला, मागे उभा होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जुन्या मैदानावर आमची शेगडी गोलाच्या मागे राजरोस पेटायची. पोलीससुद्धा त्यावर चहा गरम करायचे!

सरूर बिन मरजान बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा. जन्मभर तेच काम. बोटं कायम सुजलेली. बाजारात त्याला कुणी विचारत नसे; पण सामन्याच्या दिवशी अख्खा मोहल्ला त्याच्या हाताकडे बघायचा. त्याचा बाप मोती काढणाऱ्या नावेवर गाणारा. मोत्यांचा धंदा बसला, नावा किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच, आणि रिकाम्या पाणबुड्यांनी डोलकाठ्या कापून मिठाच्या मैदानात गोलाचे खांब उभे केले. असा आमचा 'अल-हीर', म्हणजे मोत्यांच्या शिंपल्यांची जागा, हा फुटबॉल क्लब जन्मला. नावेवरची गाणी गोलामागच्या कट्ट्यावर आली. वल्हवायचं गाणं सामना सुरू होताना, शिडाचं गाणं आपली चढाई असताना. आणि नांगर ओढायचं गाणं फक्त आपण मागे असताना. पुढे असताना ते म्हणायचं नाही, म्हणजे नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

क्लब विकत घेतलेल्या कंपनीला मात्र कळत नव्हतं. तिचा मॅनेजर रय्यान धावत फाटकावर आला. चांगल्या घरचा मुलगा, बोलायला गोड.

"सरूर काका, रागावू नका. आपण नवा ढोल आणलाय. प्लास्टिकचा. तापवायची भानगडच नाही."

"तू बायकोला प्लास्टिकचा मासा करून घालतोस का रे?"

लोक हसले. रय्यानही हसला, पण मग त्याने मला बाजूला घेतलं. "खलफान काका, तुम्ही तरी समजवा. आज प्रायोजक आलेत. तुमच्या लोकांचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही तर पुढच्या सामन्यापासून तो कट्टा भाड्याच्या ताफ्याला जाणार. वरून ठरलंय, माझ्या हातात काही नाही."

मी हे सरूरला सांगितलं, तर त्याने नुसता ढोल खांद्यावर घेतला. "चल, बघू," म्हणाला.

समुद्राकडून दमट वारा येत होता. असल्या हवेत, शेकल्याशिवाय, ढोलाचं कातडं किती वेळ ताणलेलं राहणार? सुरुवातीची दोन गाणी झकास झाली. आमच्या मुलांनी गोलही केला. कट्टा नाचायला लागला. आणि तेवढ्यात वरच्या भोंग्यातून, रेकॉर्ड केलेलं, वाद्यांची साथ लावलेलं, नांगराचं गाणं सुरू झालं.

आम्ही पुढे असताना!

कट्ट्यावरचं नाचणं थांबलं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने कानात बोटं घातली. भोंगा आपला गातोय, पडद्यावर रंगीत दिवे नाचताहेत, आणि वर बसलेले प्रायोजक टाळ्या पिटताहेत.

"कोण रे हा कपाळकरंटा?" सरूर ओरडला. "नाव तरंगतेय आणि नांगर कसला ओढताय?"

अपशकुन वगैरे मी मानत नाही. पण उत्तरार्धात आम्ही लागोपाठ दोन गोल खाल्ले, तेव्हा मी मानला. आता खरं गाणं म्हणायची वेळ होती. सरूरने थाप मारली. धप्प. ओल्या गादीवर मारावी तशी. ढोल पार उतरला होता. पलीकडच्या संघाचे लोक फिदीफिदी हसायला लागले.

सरूर उठला, ढोल काखेत मारला आणि पायऱ्या चढायला लागला. मी मागे धावलो.

"बू सनद, कुठं निघालास?" बू सनद म्हणजे सनदचा बाप; आमच्यात थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात.

"आग शोधायला."

वर काचेच्या दालनात बड्या लोकांची बैठक होती. पाहुण्यांपुढे उदाचं धुपाटणं फिरवून दाढीला, कपड्यांना धूर द्यायची रीत आहे, ती तिथे चालली होती. धुपाटणं चांगलं मोठं, पितळी, निखाऱ्यांनी भरलेलं. दारावरच्या माणसाला वाटलं, ढोल आला म्हणजे हाही कार्यक्रमातलाच. त्याने दार उघडलं. सरूर थेट गालिच्यावर मांडी घालून बसला, धुपाटणं पुढे ओढलं आणि ढोलाचं तोंड निखाऱ्यावर धरून फिरवायला लागला.

रय्यान पुढे धावला. "काका! अहो, हे काय चाललंय?"

"आग आत आणायची नाही म्हणालात ना? मग हे काय, बर्फ आहे? बर्फ मी ओळखतो, बाळा."

"हा पाहुण्यांचा मान आहे, काका."

"आणि तो आमचा कट्टा आहे. तुमच्या दाढ्यांना धूर लागतो तो चालतो, माझ्या ढोलाला लागला की जळतं तुमचं?"

एक गोरा प्रायोजक कौतुकाने फोटो काढत होता. क्लबच्या अध्यक्षांनी फक्त आपले पाय जरा बाजूला घेतले. सरूर शांतपणे बोटाने कातडं वाजवून बघत होता. टण्. आणखी जरा. टण्ण. मग तो उठला आणि म्हणाला, "अल्ला तुमचं भलं करो."

खाली आल्यावर त्याने जी थाप मारली ती माझ्या छातीत लागली. ढोलाला उदाचा वास येत होता. आम्ही नांगर ओढला, घसे फाटेस्तोवर ओढला. भोंगा मध्येच सुरू झाला, त्याला आम्ही गिळून टाकलं. सामना हरलो तो हरलोच. पण शिट्टी झाल्यावरही कट्ट्यावरून एक माणूस हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सरूरच्या फोनवर क्लबचा निरोप आला. पाहुण्यांना त्रास दिल्याबद्दल त्याला प्रवेश बंद. कट्टा भाड्याच्या ताफ्याला.

"बरं झालं," त्याची बायको उम्म सनद म्हणाली. "आता तरी घरी बसा."

"घरी बसायला मी काय सोफा आहे?"

ती हसली, मग आत जाऊन रडली. मला भिंतीपलीकडे ऐकू आलं.

पुढच्या सामन्याला आम्हाला एकत्र बसू दिलं नाही. मी कुठल्या तरी कोपऱ्यात बसलो. कट्ट्यावर एकसारखे सदरे घातलेला ताफा प्लास्टिकचे ढोल बडवत होता. बिचारे इमानदारीत बडवत होते, पण कुठलं गाणं कधी, याचा पत्ता नाही. आम्ही गोल खाल्ला. सगळ्या मैदानातून एकच हाय निघाली, आणि मग भिंतीबाहेरून, गाड्या लावायच्या जागेतून, ढोल ऐकू आला.

नांगराचं गाणं!

माणसं उभी राहिली. कुणी इकडे, कुणी तिकडे, पण टाळी बरोबर पडायला लागली. भाड्याचा ताफा गोंधळून थांबला. मला काही बसवेना. मी तिकिटावर पाणी सोडलं आणि बाहेर पळालो.

सरूर दोन गाड्यांच्या मधे पालथ्या डब्यावर बसला होता. बाजूला शेगडी धगधगत होती. मी समोर बसून टाळी धरली.

"आपण मागे पडलो ते तुला इथं कसं कळलं?"

"आपल्या माणसांची हाय मला कळत नाही होय?"

थोड्या वेळाने रय्यान घामाघूम होऊन आला. "काका, आत चला. अध्यक्षांनी स्वतः सांगितलंय. बंदी उठवली. लोक मैदानाकडे बघायचं सोडून भिंतीकडे बघताहेत."

मी उठलोच होतो. माझा जीव भांड्यात पडला होता, खोटं कशाला बोलू?

सरूर उठला नाही. "आणि गाणं कुठलं कधी म्हणायचं, ते कोण ठरवणार?"

रय्यान घुटमळला. "ते... आमच्या विभागाशी बोलून ठरवू ना."

"मग बोल त्यांच्याशी. मी इथं आहे."

रय्यानने घाम पुसला. मग गेला. सरूरने कातडं फिरवून निखाऱ्यावर धरलं.  ज्या संघासाठी हा माणूस आयुष्यभर जगला, तो शंभर पावलांवर खेळत होता, आणि आपल्या मुलांची एकही धाव त्याला दिसत नव्हती. मला भडभडून आलं.

"बू सनद, जाऊ या का रे आत?" मी विचारलं.

"टाळी धर," तो म्हणाला.

सामना संपला. आम्ही हरलो. लोक बाहेर आले. एरवी हरल्यावर तिथे नुसती झुंबड उडते, गाड्या एकमेकींवर कोकलत असतात. सरूरने शेवटचा ठोका दिला, शेगडीवर पाणी ओतलं आणि ढोल पाठीला बांधून गाड्यांच्या रांगेतून, रस्त्याच्या अगदी मधून, सावकाश घराकडे चालू लागला. त्याच्यामागे गाड्यांची रांग लागली, थेट फाटकापर्यंत. एकानेही हॉर्न वाजवला नाही.