आचार्यांची हरकत

बौद्धाचार्य सांडू यांनी आजवर सदतीस आंतरजातीय लग्नं लावली, त्यातली निम्मी तरी आईबापांच्या नाकावर टिच्चून. एकदा गंगापूरहून नवरीचे चुलते जीप भरून आले, तेव्हा हा माणूस विहाराच्या दारात आडवा झाला होता. शहरात त्यांचा दबदबा होता, आणि तो त्यांना आवडायचाही, खोटं कशाला बोला!

या कामात ते पडले थोरल्या बहिणीमुळं. बहात्तरच्या दुष्काळात फुलंब्रीच्या रस्त्यावर खडी फोडताना कडूबाईचं एका धनगराच्या पोराशी जुळलं. “आपल्यात असलं चालत नाय,” एवढंच बाप म्हणाला. चार दिवसांनी ती कोरड्या विहिरीत सापडली. सांडू तेव्हा दहा वर्षांचे होते. पुढं आचार्य झाल्यावर प्रत्येक लग्नात ती त्यांना मागच्या रांगेत दिसायची, केसांत खडीची धूळ आणि चेहऱ्यावर समाधान. भूत, आत्मा सगळं नाकारणाऱ्या माणसानं हे सांगावं तरी कुणाला?

मग परवाच्या उन्हाळ्यात, शहरभर टँकर धावत असताना, त्यांचा एकुलता एक मुलगा प्रणय घरी आला. सोबत शिवशंकर होता, सोयगावकडचा, मेंढपाळाच्या घरातला. चार वर्षं दोघं एकाच फ्लॅटमध्ये राहत होते.

“बाबा, आमचं लग्न लावा. कायदा मानत नाही, ठाऊक आहे. मला तुमच्या तोंडून त्रिशरण-पंचशील हवंय.”

“कुणाचं लग्न?”

“माझं आणि याचं.”

आचार्य उठून उभे राहिले. “जातीचं मला काय बी नाय. कोणत्या बी जातीची पोरगी आण, उद्या लावतो. पण हे नाय. लई सोसून उभी केलेली चळवळ हाय, तिचं हसं करू नको.”

प्रणय न जेवता गेला. नवव्या दिवशी नळाला पाणी आलं, तेव्हा मोरीतल्या ड्रमाजवळ कडूबाई उभी होती. आचार्यांची बायको पारूबाई हंडे भरत तिच्या अंगातून ये-जा करत होती. त्यानंतर कडूबाई घरातून हललीच नाही, आणि आचार्यांकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. विहारात वंदना म्हणताना त्यांच्या ओळी गळू लागल्या. ते घाबरले होते. बहिणीची भीती नव्हती, पोरगा कायमचा जाईल, याची होती.

प्रणयनं लग्नाचा दिवस ठरवला, पण दुसरा कुठलाही आचार्य यायला तयार होईना. शेवटी पारूबाईच पांढरं लुगडं नेसून लग्न लावायला निघाली. “पंचशील काय तुमच्या एकट्याच्या मालकीचं हाय व्हय?” असं नवऱ्याला सुनावून गेली.

तासाभरानं आचार्यही रिक्षात बसले. आशीर्वाद द्यायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कालपरवापर्यंत हर्सूलकडं जिथं ज्वारी व्हायची, तिथं प्रणयच्या फ्लॅटची सात मजली इमारत उभी होती. गच्चीवर वीसेक माणसं होती. वंदना संपली होती.

प्रतिज्ञेआधी आचार्य दर लग्नात एक वाक्य हमखास म्हणत. ते त्यांनी स्वतःच घातलं होतं, आणि त्यानं भल्याभल्या नातेवाइकांची बोलती बंद व्हायची. चाळीस वर्षं ऐकून पारूबाईला ते पाठ झालं होतं. ती त्यांच्याच सुरात म्हणाली, “कुणाची हरकत असंल तर सांगावी. ऐकून घेऊ, आणि लग्न लावू.”

सगळे वळून आचार्यांकडं पाहू लागले. कठड्यापाशी उभ्या कडूबाईनंही इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. हरकत नाही म्हणायला आचार्यांनी तोंड उघडलं.

“आपल्यात असलं चालत नाय.”

त्यांच्या तोंडून निघालेला आवाज बापाचा होता. पारूबाई रागावली नाही. “ऐकून घेतलं,” ती म्हणाली आणि दोघांकडं वळली. त्यांनी प्रतिज्ञा घेतल्या, मंडळी तीनदा ‘साधु’ म्हणाली. कठड्यापाशी आता कुणीच नव्हतं.

जोडी आईच्या पाया पडली. मग प्रणय बापासमोर आला. त्याच्या डोक्यावर ठेवायला आचार्यांनी हात उचलला. तो वाकला नाही. दारी आलेल्या पाहुण्याला करावा तसा त्यानं हसून जयभीम केला.

“जेवून जा,” तो म्हणाला, आणि पुढच्या पाहुण्याकडं वळला.